अंधाराची बारी

विश्वनाथअप्पांच्या गिरणीत रांग डब्यांची असे, माणसांची नसे. बाया सकाळी ज्वारीचे डबे आणून भिंतीच्या कडेला ठेवत आणि आपापल्या कामाला निघून जात. डबा आपली जागा सोडत नसे आणि अप्पा ती जागा दुसऱ्या कुणाला देत नसत. मी गावातल्या हायस्कुलात रुजू झालो त्याच आठवड्यात पाटलांच्या गड्याने एक पितळी डबा आणून थेट रांगेच्या तोंडाशी ठेवला. अप्पांनी तो उचलला, सगळ्यात शेवटी नेऊन ठेवला आणि पुन्हा गिरणीच्या यंत्रावर हात ठेवून उभे राहिले.

"अप्पा, पाटलाचा डबा हाय," गडी म्हणाला.

"असंल की. पर डब्याला मिशा नसत्यात."

हे वाक्य पुढे गावात म्हणीसारखं चालू लागलं. पाटलांच्या कानावर ते गेलं, आणि पाटील हसले असं सांगतात. मला ते खरं वाटत नाही.

गिरणी माझ्या खोलीच्या बरोबर समोर होती, गिरणीच्या मागे अप्पांचं घर. अप्पा उंच, किरकोळ, धोतर गुडघ्याच्या जरा खाली. कपाळावर भस्माचे पट्टे, भुवयांवर पीठ. भस्म कुठं संपतं आणि पीठ कुठं सुरू होतं हे दुपारनंतर सांगता येत नसे. त्यावर तिसरा थर आकाशातून पडे. परळीच्या वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या गावातून दिसत, आणि वारा इकडे वाहत असला की राख येई. वाळत घातलेल्या पापडांवर, दोरीवरच्या धोतरांवर, शाळेच्या बाकांवर. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण इतर गावांत उपदेशासाठी वापरतात. आमच्याकडे ती पत्ता सांगायला पुरेशी होती.

अप्पांना वाटणीचं वेड होतं. कुणी पेढा हातावर ठेवला तरी आधी त्याचे तुकडे करून आजूबाजूला देत आणि बोटाला चिकटलेलं आपण चाटत. पंगतीत वाढायला उभे राहिले की सुरुवात लांबच्या टोकापासून. जवळच्या टोकाला बहुधा त्यांचेच सोयरे बसलेले असत. त्यांच्यापर्यंत येईतो बुंदी संपलेली असे. सोयरे चिडत. अप्पा म्हणत, "आपल्या माणसाला आधी वाढलं की त्याला वाढणं म्हणत न्हाईत."

गिरिजाकाकू, म्हणजे अप्पांची बायको, यावर एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "सर, ह्यांचा न्याव लई चांगला हाय. फक्त त्यो आपल्या घरावरनं जातो अन् दुसऱ्याच्या दारात उतरतो."

काकू ठेंगण्या, जाड काचांचा चष्मा लावणाऱ्या आणि वाक्य मधेच तोडून बोलणाऱ्या होत्या. हे तोडणं स्वभावाने नव्हतं. त्यांना दमा होता. घरात पीठ, बाहेर राख, त्यामुळे हवा म्हणून जे काही उरत होतं त्यावर त्यांचं चाललेलं होतं. आंबेजोगाईच्या डॉक्टरने औषधाची वाफ देणारी मशीन घ्यायला सांगितली होती, आणि जावयाने ती हैदराबादहून आणली होती. छोटी पेटी, नळी, तोंडावर बसवायची वाटी. दम लागला की खटका दाबायचा, मशीन घुर्र करायची आणि काही वेळाने काकूंचे खांदे खाली यायचे. एकच अट होती. लाईट पाहिजे.

आणि नेमकी तीच जाऊ लागली.

देशाची दारं जगाला उघडली, असं तेव्हा पेपरात रोज येई. आमच्या गावापुरतं त्यातून जे आत आलं ते म्हणजे रंगीत टीव्ही आणि एक लाल फ्रिज. तो एका थंड पेयाच्या कंपनीने चौकातल्या दुकानदाराला दिला होता. वीज नसल्याने दुकानदार त्यात वह्या आणि अगरबत्त्या ठेवी. परदेशी कंपन्या येऊन वीज करणार, मग ती सगळ्यांना मिळणार, असं मंत्री सांगत. तोवर राज्यात जेवढी होती ती शहरांना आणि कारखान्यांना आधी आणि उरलेली आम्हांला, असा हिशेब होता. याला भारनियमन म्हणत. सरकारला अंधार म्हणायला संकोच वाटतो.

गावाच्या दोन आळ्या, वरची आणि खालची. उपकेंद्रातल्या साहेबाने सांगितलं की संध्याकाळी एका वेळी एकाच आळीला लाईट देता येईल, कुठल्या ते तुम्ही ठरवा. साहेब तरुण होता, साताऱ्याकडचा, आणि भला होता. पण गावाला 'तुम्ही ठरवा' म्हणणं ही भल्या माणसाची मोठी चूक असते. पहिल्या आठवड्यात वरच्या आळीतल्यांनी खालच्यांची तार तोडली. दुसऱ्या आठवड्यात खालच्यांनी लाईनमनला झाडाला बांधतो म्हणून धमकावलं. शेवटी महादेवाच्या देवळात बैठक बसली.

बैठकीत सगळे एकदम बोलत होते. अप्पा कोपऱ्यात बसून होते. आवाज जरा कमी झाल्यावर म्हणाले, "सामाईक हिरीवर भावाभावात पाण्याची बारी असती का न्हाई? एका दिवशी थोरल्याची, दुसऱ्या दिवशी धाकल्याची. मग लाईटीची कावून नको?"

"अप्पा, हिरीत पाणी दिसतं तरी," वरच्या आळीतला एकजण म्हणाला. "ही दिसत बी न्हाई."

"अंधार दिसतो नव्हं? मग अंधाराची बारी लावू. एक दिस तुमी अंधारात बसा, एक दिस आमी."

असं ठरलं. विहिरीची पद्धत विजेला लागू झाली आणि आश्चर्य म्हणजे चालली. कुणाची बारी मोडायची नाही, भांडण झालं तर अप्पांकडे यायचं. अप्पांचं घर खालच्या आळीत, गिरणीही तिथंच. आपल्या आळीला झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये म्हणून अप्पांनी पहिली अंधाराची बारी खालच्या आळीला घेतली. वरच्या आळीत लग्न निघालं, त्यांचा अंधार आपल्याकडे घेतला. दहावीच्या परीक्षा आल्या आणि वरच्या आळीत पोरं जास्त, म्हणून पुन्हा घेतला. खालच्या आळीतले लोक म्हणू लागले, "अप्पा, आमी तुमचे शेजारी हावोत ही आमची चूक हाय का बे?" यातला 'बे' अप्पांना उद्देशून नसावा, पण अप्पांच्या तोंडावरच बोलला गेला.

काकू काही म्हणत नसत. आमच्या आळीत अंधाराची संध्याकाळ असली की त्या दिवसभर जपून राहत. चूल धुमसू द्यायची नाही, जिना चढायचा नाही, रागवायचं नाही. या तिसऱ्या पथ्याचा त्यांना सगळ्यात त्रास होई.

अशात भाऊसाहेबांची स्वारी आली. भाऊसाहेब तालुक्यातले पुढारी. दूध संघापासून भजनी मंडळापर्यंत ज्याला म्हणून अध्यक्ष लागतो त्याचे ते अध्यक्ष होते, आणि निमंत्रणपत्रिकेत त्यांचं नाव संपेपर्यंत वाचणारा कार्यक्रमाची तारीख विसरे. त्यांचं शेत गावाच्या पूर्वेला. तिथं जाणारी विजेची लाईन वेगळी होती. ती आमच्या आळीच्या डोक्यावरून जाई, पण कुठंही उतरत नसे. त्या शेतात कधी अंधार झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

भाऊसाहेबांना कुणीतरी बारीची हकिगत सांगितली आणि ती त्यांना फार आवडली. शाळेच्या पटांगणात मंडप पडला. अप्पांचा सत्कार. त्या संध्याकाळी बारीप्रमाणे अंधार होता, म्हणून मंडपासाठी जनित्र आणलं होतं. ते इतका आवाज करत होतं की भाषण ऐकू यावं म्हणून ध्वनिक्षेपक मोठा करावा लागला, आणि ध्वनिक्षेपक मोठा केल्यावर जनित्रावर ताण येऊन दिवे मिचमिचू लागले. त्या मिचमिचाटात भाऊसाहेब म्हणाले, "टंचाई सगळीकडे आहे. पण टंचाई कशी वाटून घ्यावी हे या गावाने महाराष्ट्राला दाखवून दिलं! इतर गावांनी आदर्श घ्यावा!" टाळ्या पडल्या. अप्पांच्या अंगावर शाल आली, हातात नारळ आला.

दोन शब्द बोला म्हटल्यावर अप्पा उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. ते म्हणाले, "आमी अंधार वाटून घेतला, ते बरंच झालं. पर भाऊसाहेब, एक इचारायचं ऱ्हाऊन गेलं. उजेड कुणी वाटून घेतला?"

मला वाटतं अप्पांनी हे खरोखरच विचारलं होतं, टोमणा म्हणून नाही. हिशेबातली एक बाजू रिकामी दिसली म्हणून. पण मंडपात हशा झाला, भाऊसाहेबही हसले, अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अप्पा मोठे विनोदी आहेत!" आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

सत्कारानंतर थोड्याच दिवसांत अंधाराचे तास वाढले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. वाटलं, बिघाड असेल. मग उजेडाच्या बारीच्या दिवशीही संध्याकाळी लाईट जाऊ लागली. अप्पा घरोघरी जाऊन सांगत, "सगळीकडंच कमी हाय. शांत ऱ्हावा." लोक शांत राहिले. गाव आदर्श होतं.

एका दिवेलागणीला समोरून काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून मी गेलो. काकू गोधड्यांच्या ढिगाला टेकून बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे दोन्ही हात जमिनीवर रोवून त्यांनी स्वतःला उचलून धरलं होतं. प्रत्येक श्वासाला मानेच्या शिरा वर येत होत्या आणि घशातून बारीक शिट्टी. चष्मा पडला होता. अप्पांनी मशीन मांडीवर घेतली होती, पिन भिंतीत खोचलेली होती, आणि ते खटका दाबत होते. वर, खाली, वर, खाली.

"आज उजेडाची बारी आपली हाय," ते म्हणाले. "येईलच आता."

मी डॉक्टरला आणायला धावलो. गावात एकच होता, तोही पिशवी घेऊन धावत आला. सुई दिली. आम्ही परत आलो तेव्हाही अप्पा खटका दाबतच होते. काकूंचे ओठ निळसर झाले होते. डॉक्टर म्हणाला, "अप्पा, सोडा ते आता," तरी त्यांचा अंगठा थांबेना. काकूंनीच हात लांबवून त्यांचं मनगट धरलं, तेव्हा थांबला.

बऱ्याच वेळाने शिट्टी कमी झाली. काकूंनी चष्मा मागून घेतला. तो नीट लावल्यावर तुटक तुटक म्हणाल्या, "माझ्या श्वासाची बारी... कुणाकडं लावलीय... तेवढं उद्या इचारून या."

डॉक्टरने मला दारात सांगितलं, असा झटका पुन्हा आला आणि वेळेवर वाफ मिळाली नाही तर मी काही करू शकणार नाही. ते अप्पांनी ऐकलं. डॉक्टरने आवाज पुरेसा कमी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अप्पा उपकेंद्रात गेले. मला बरोबर या म्हणाले. साहेबापुढे ते हात जोडून उभे राहिले आणि तास कशाने वाढले ते विचारलं. साहेब फिरवाफिरव करू लागला. अप्पा नुसते उभेच राहिले. त्यांच्या उभं राहण्याला उत्तर देणं भाग पडे.

"अप्पा, वरून हुकूम येतो, एवढी वीज कमी करा म्हणून," साहेब शेवटी म्हणाला. "कुठली, ते मी बघायचं. बाजारपेठेची कमी केली तर मोर्चा येतो. पलीकडच्या गावाची केली तर काचा फुटतात. तुमच्याकडून..." तो थांबला.

"आमच्याकडनं काय येतं?"

"काहीच येत नाही. म्हणून तुमच्याकडे वाढवले."

अप्पांनी पुन्हा हात जोडले. परत येताना अर्ध्या वाटेवर म्हणाले, "सर, म्हंजी मी गावाला गप बसवलं, त्याचा ह्यो पगार." मी काहीतरी समजुतीचं बोललो असेन. ते त्यांनी ऐकलं नाही, ते बरं झालं.

त्या संध्याकाळी अप्पांनी गिरणी लवकर बंद केली. मशीनची पेटी काखेत आणि काकू बरोबर, असे दोघे हळूहळू माळावरच्या उपकेंद्राकडे निघाले. साहेबाच्या खोलीत ट्यूबलाईट चालू, पंखा चालू. अप्पांनी टेबलामागचा प्लग शोधला.

"अप्पा, हे सरकारी कार्यालय आहे!"

"म्हणून तर आलो. हितली लाईट जात न्हाई."

काकू म्हणाल्या, "साहेब, जरा खुर्ची सरकवा. वायर पुरंना."

साहेबाने खुर्ची सरकवली, मग स्वतःच उठून काकूंना तिच्यावर बसवलं. मशीन घुरघुरू लागली. काकू साहेबाच्या खुर्चीत, तोंडावर वाटी लावून, समोरच्या भिंतीवरचा 'वीज वाचवा' असा फलक वाचत बसल्या.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी खालच्या आळीतला एक म्हातारा आपलं वाफेचं औषध घेऊन आला, मग वरच्या आळीतल्या एका बाईने धाप लागलेल्या पोरीला आणलं. अप्पांनी बाहेरच्या बाकावर सगळ्यांना बसवून ज्याला जास्त दम त्याचा नंबर आधी असं ठरवलं. अर्ज नाही, घोषणा नाही, दगड नाही. नुसती खोकणारी माणसं. साहेबाला कागदपत्रं मांडीवर घेऊन काम करावं लागे. त्याने वर काय कळवलं माहीत नाही, पण आमचे तास कमी झाले. पूर्वीपेक्षाही कमी. संध्याकाळी दोन्ही आळ्यांत दिवे राहू लागले. चौकात एक फलक लागला. त्यावर भाऊसाहेबांच्या अथक प्रयत्नांना यश आल्याचं लिहिलं होतं.

काकू सुधारल्या. मशीन आता घरातच चाले. एकदा तर त्या गिरणीत येऊन अप्पांवर मनसोक्त रागावल्या. आळीला बरं वाटलं.

अप्पा मात्र गूळ-खोबरं घेऊन साहेबाचे आभार मानायला गेले आणि तिथून आले ते गप्पच. दोन दिवस त्यांनी कुणाशी बोलणं टाळलं. काकू गिरणीच्या ओट्यावर बसून मोठ्यानं म्हणाल्या, "लाईट हाय, मी हाय, तरी तोंड असं कावून?" मी माझ्या ओट्यावर पेपर वाचत होतो. आमची आळी अरुंद होती, त्यामुळे न ऐकणं शक्य नव्हतं.

"मी साहेबाला इचारलं, आमचे तास कमी झाले ते गेले कुठं," अप्पा म्हणाले. "हिरीचं पाणी आपल्याला जास्ती आलं म्हंजी कुणाला तरी कमी गेलं असंल नव्हं?"

"मग? काय म्हणला?"

"तांड्याकडं बोट केलं. तिकडनं अजून कुणी आलं न्हाई म्हणला."

तांडा म्हणजे माळापलीकडची लमाणांची वस्ती. काकूंनी माळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिकडं दमेकरी न्हाईत का?"

"हायत की. राख तिकडं बी जाती."

"मग जाऊन सांगा त्यांला."

"सांगितलं तर ते हापिसात जाऊन बसतील. बसले की तास माघारी आपल्याकडं येतील." अप्पांचा आवाज खाली गेला. "गिरजा, डॉक्टर काय म्हणला ते मी ऐकलंय."

हा माणूस आयुष्यभर आपल्या घरावरून न्याय पुढे पाठवत आला होता. आता पहिल्यांदाच त्याला तो घरी ठेवावासा वाटत होता, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. आजही वाटत नाही.

काकू म्हणाल्या, "मी बी ऐकलंय. मी काय बहिरी हाय? पर आपण उठलो की तांड्याच्या उरावर, तांडा उठला की आपल्या उरावर. असं किती दिस चालायचं? दोनी गावं एकाच टायमाला हापिसात जाऊन बसली, तर साहेब तास कुणीकडं ढकलंल?"

अप्पा त्यांच्याकडे वळले.

"मग एकच वावर ऱ्हातंय," काकू म्हणाल्या आणि पूर्वेकडे हात केला. भाऊसाहेबांचं शेत तिकडं होतं.

"अन् न्हाई जमलं तर?"

"न्हाई जमलं तर न्हाई जमलं. मी येते तुमच्या संगं तांड्यावर. तुमचं न्याव-न्याव ऐकून कोण उठणार? मला बघितल्यावर उठतील."

त्यानंतर अप्पा म्हणाले, "नको." काकू काहीच म्हणाल्या नाहीत. हे नको-काहीच-नाही किती वेळ चाललं ते मी सांगू शकत नाही, मी पेपर घेऊन आत गेलो.

वार्षिक परीक्षा आटोपल्या आणि मला बदलीचा हुकूम आला, नेकनूरला. सामान आधीच पाठवलं होतं. निघण्याच्या दिवशी अप्पांचा निरोप घ्यायला गेलो तर गिरणीला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, दोघं आत्ताच गेले. मी चारची बस धरली.

बस उपकेंद्र ओलांडून माळावर तांड्याच्या बाजूला आली तेव्हा पुढे रस्त्याच्या कडेने एक सायकल चाललेली दिसली. अप्पा हातात धरून चालवत होते आणि मागे कॅरेजवर काकू एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, मांडीवर मशीनची पेटी, पदर नाकाला. ऊन अजून होतं आणि वारा चिमण्यांकडून येत होता. चढ लागला तशा काकू खाली उतरल्या. चार पावलं चालल्या असतील, मग त्यांनी अप्पांच्या दंडाला धरलं आणि दोघं थांबले.

बस त्यांच्याजवळून गेली. मी खिडकीतून हाक मारली. अप्पांनी मान वर केली, पण मला ओळखलं की नाही कळलं नाही. एक हात सायकलवर, एक काकूंच्या पाठीवर, तोंडावर मी त्या दिवेलागणीला पाहिलेला तोच भाव. काकू खाली वाकून श्वास गोळा करत होत्या. अप्पा काहीतरी म्हणाले. ओठांवरून वाटलं, माघारी जाऊ म्हणत असावेत. त्यांनी सायकलचं तोंड गावाकडे वळवलंही.

वळणावर मी मागे पाहिलं. काकू सरळ झाल्या होत्या. त्यांनी सायकलचं हँडल धरून ते पुन्हा चढाकडे केलं होतं.